अर्थसंकल्प दरवर्षी फुगतो, मग दवाखान्यात-शाळेत कात्री कुठून लागते? (नागपूर जिल्ह्यातले अनुभव लिहा)

धंतोलीकर

१० मार्च २०२५ ला तत्कालीन अर्थमंत्री अजित पवारांनी ७,००,०२० कोटी रुपयांचा अर्थसंकल्प मांडला. महसुली तूट (चालू उत्पन्नापेक्षा जास्तीचा चालू खर्च) ४५,८९१ कोटी, राजकोषीय तूट (कर्ज काढून भागवायची एकूण तूट) १,३६,२३५ कोटी, डोक्यावरचं कर्ज ९ लाख कोटींच्या पार. अमुक सेवा कमी करतोय, असं त्या भाषणात कुठेच नव्हतं. पण त्याच वर्षी आनंदाचा शिधा बंद पडला, एक रुपयातला पीकविमा गेला आणि शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्याचा निधी थांबला.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कात्री भाषणाच्या दिवशी लागत नाही. ती भाषणाच्या आधी-नंतर वर्षभर, गाजावाजा न करता लागते आणि तिची जबाबदारी कोणी घेत नाही. मला हे पटत नाही. पैसा कमी असेल तर तसं सांगा, काय कमी करणार तेही सांगा.

तुमच्या तालुक्यात, मोहल्ल्यात, खात्यात काय दिसलं ते लिहा. ऐकीव नको, पाहिलेलं हवं. पक्षांची भांडणं दुसऱ्या धाग्यावर.

संत्राबर्फी

लाडकी बहीण. २०२५-२६ ला ३६,००० कोटींची तरतूद. अजून कारण शोधायचं कशाला?

इमामवाडा_ताई

संत्राबर्फी, एवढं सोपं करू नका.

आमच्या गल्लीत चार घरी धुणीभांडी करणारी एक बाई आहे. तिच्या दीड हजारातून पोरीची आयटीआयची फी आणि बसचा पास निघतो. आधी त्यासाठी ती एका घरमालकिणीकडून उचल घ्यायची आणि महिनाभर तिचे टोमणे ऐकायची. आता उचल घेत नाही. हा फरक मी रोज डोळ्यांनी पाहते, त्यामुळे या योजनेला खैरात म्हणणं मला जमणार नाही.

राग कशाचा यावा ते सांगते. निवडणुकीच्या तोंडावर अर्ज येतील तसे मंजूर केले, अन् निवडणूक झाल्यावर पडताळणी काढून नावं गाळायला लागले. पैसा कुठून आणणार हे जुलै २०२४ मध्ये कोणी सांगितलं नाही. ते सांगायला हवं होतं. त्याचं खापर बायांवर फोडू नका.

कोषागार_निवृत्त

धंतोलीकर, आयुष्यभर देयकं पास करण्यात गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अर्थसंकल्पात असते ती तरतूद. विधिमंडळाने तिला मंजुरी दिली म्हणजे विभागाच्या हाती पैसा आला, असं होत नाही. वित्त विभाग तो निधी टप्प्याटप्प्याने 'बीम्स' या संगणक प्रणालीवर वितरित करतो. तिथून तो विभागप्रमुखाकडे, तिथून जिल्ह्याच्या नियंत्रक अधिकाऱ्याकडे आणि शेवटी आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे, म्हणजे डीडीओकडे येतो. डीडीओच्या नावावर बीम्समध्ये रक्कम दिसली तरच देयक कोषागारात लागतं. तरतूद शंभर असून वर्षभरात साठच वितरित झाले, तर चाळीस कोणी कापले याचा कागद सापडत नाही. फाईलवर शेरा असतो, "निधी उपलब्धतेनुसार".

उघडपणे कपात झाली ती कोविडमध्ये. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने विकासकामांना तरतुदीच्या ३३ टक्केच निधी मिळेल असं ठरलं, नवी भरती थांबली, आरोग्यासारखी थोडी खाती वगळली. तो निर्णय कडू होता, पण लेखी होता. काय बंद, काय चालू हे तालुक्याच्या कारकुनालाही माहीत होतं. आता ते माहीत नसतं.

दुसरी गोष्ट पुरवणी मागण्यांची, म्हणजे अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या जादा खर्चाची. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. अर्थसंकल्प मांडून चार महिने झाले नव्हते. त्यातला काही भाग केंद्राच्या योजनांचा आणि हिशेबाच्या जुळवाजुळवीचा असतो हे खरं, पण उरलेल्यासाठी पैसा नव्याने येत नाही. कागदावरचे हिस्सेदार वाढतात, तिजोरी तेवढीच राहते. मग ज्याचा आवाज मोठा त्याचं वितरण आधी. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज थांबवता येत नाही, आणि महसुलाचा निम्म्याहून जास्त भाग तिथेच जातो. थांबवता येतात ती औषधं, दुरुस्त्या, सादिल (किरकोळ खर्च), इंधन, ठेकेदारांची देयकं आणि रिक्त पदं.

संत्राबर्फी

हे कोणी समजावून सांगितलं नव्हतं. धन्यवाद काका.

गिट्टी_मुरूम

काकांनी शेवटच्या ओळीत आमचं नाव घेतलं म्हणून लिहून राह्यलो.

मी छोटा ठेकेदार. काटोल-नरखेड भागात गावरस्ते, शाळाखोली, पीएचसीचं (प्राथमिक आरोग्य केंद्राचं) छत, असली कामं घेतो. एका खात्याचं (नाव लिहित नाही, पुढे त्यायच्यातच काम करायचं आहे) काम वेळेत केलं. इंजिनिअर साहेबानं मोजमाप घेतलं, एमबी (मोजमाप पुस्तक) भरली, बिल तयार झालं. दोन पावसाळे होऊन गेले तरी पूर्ण पैसे नाहीत. विचारलं की एकच उत्तर, "भाऊ, वरून निधीच नाही आला." साहेब खोटं बोलत नाही हेही मले माहीत आहे.

आता हे थांबलेले पैसे कोणाचे ते पाहा. क्रशरवाल्याचे मी देणं लागतो. तो डंपरवाल्याचे देणं लागतो. डिझेल उधार भेटत नाही. सेंट्रिंगवाला मजूर बालाघाटचा, त्याले मी घरचं सोनं मोडून दिले, कारण त्याचा अन् सरकारचा संबंध नाही, त्याचा माझ्याशी आहे. मोठ्या कंपनीले बँक उभं करते. आमच्यासारख्याले सावकार.

अन् याचा लोकांच्या सेवेशी काय संबंध म्हणाल, तर तो असा. आता त्या भागात टेंडर निघालं की छोटे लोक भरतच नाहीत. जो भरतो तो थकबाकीचं व्याज धरून रेट टाकते, नाही तर सिमेंट कमी टाकते. पैसा वाचला असं मंत्रालयात वाटत असेल. गावातलं छत गळून राह्यलं.

बर्डी_मेनरोड

पण भाऊ, कामं तर दिसूनच राह्यली ना सगळीकडे. जिकडे पाहा तिकडे उड्डाणपूल. वरून शक्तिपीठ महामार्ग. जून २०२५ मध्ये त्याच्या भूसंपादनासाठी अन् नियोजनासाठी २०,७८७ कोटींना मंजुरी दिली. तिजोरी रिकामी असती तर हे झालं असतं?

कोषागार_निवृत्त

बर्डी_मेनरोड, नागपुरात डोळ्यांत भरणारी बरीच कामं एनएचएआय (राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण) आणि महामेट्रोची आहेत. त्यांचा पैसा केंद्राकडून आणि मोठ्या कर्जातून येतो, जिल्हा परिषदेच्या शाळेचा त्यात हिस्सा नसतो. शक्तिपीठाचा पैसाही कर्जाचाच, महामंडळाच्या नावावर. महामंडळाचं कर्ज पहिल्याच वर्षी तुटीत दिसत नाही, पण हप्ते सुरू झाले की भार फिरून राज्यावर येतो आणि पुढच्या वर्षांच्या चालू खर्चाची जागा खातो.

नव्या बांधकामाला कर्ज मिळतं, परिचारिकेच्या पगाराला आणि सलाईनच्या बाटलीला मिळत नाही. त्यामुळे इमारत उभी राहते आणि आतला माणूस मिळत नाही.

खडू_फळा

मी भिवापूरकडे जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. अंड्याचं मी सांगते, कारण वर्तमानपत्रात दोन दिवस येऊन तो विषय संपला.

नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्याला एक अंडं सुरू झालं. जे खात नाहीत त्यांना केळ. त्या दिवशी आमच्याकडे हजेरी वाढायची, हे मी हजेरीपट पाहून सांगते. शेतमजुरांची मुलं सोयाबीन-कापसाच्या दिवसांत आईबरोबर वावरात जातात, पण अंड्याच्या दिवशी यायची. चौथीतला एक मुलगा अर्धं अंडं खायचा आणि अर्धं वहीच्या कागदात गुंडाळून धाकट्या बहिणीसाठी न्यायचा. मी पाहून न पाहिल्यासारखं करायची.

जानेवारी २०२५ मध्ये शासन निर्णय आला. अंडा पुलाव आणि गोड पदार्थ ऐच्छिक, त्यासाठी वेगळा निधी नाही, शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून करावं. शहरातल्या शाळेला लोकसहभाग मिळेलही. आमच्या समितीत सगळे रोजमजुरीवाले. मी कोणापुढे हात पसरू? ज्यांच्या मुलांना अंडं द्यायचं त्यांच्याचकडे अंड्याचे पैसे मागू? दोन-तीन महिने आम्ही शिक्षकांनी खिशातून केलं, पुढे जमलं नाही. राज्यभराचा हा खर्च वर्षाला ५० कोटींच्या आसपास होता. वर धंतोलीकरांनी लिहिलेल्या सात लाख कोटींशेजारी हा आकडा ठेवून पाहा.

दुसरं संचमान्यतेचं, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर करण्याचं. १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने पटसंख्येचे निकष बदलले. सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला की तिथे नियमित शिक्षकाचं पद मिळणं मुश्कील. पट कमी म्हणून शिक्षक नाही आणि शिक्षक नाही म्हणून पालक मुलाला काढतात. मग पुढच्या वर्षी पट आणखी कमी. सातवीतल्या मुलीला सात किलोमीटरवरच्या शाळेत कोण पाठवतं? तिचं शिक्षण थांबतं आणि कागदावर ती 'स्थलांतरित' होते.

सादिल तर विचारूच नका. लाइटबिल थकलं म्हणून मीटर कापून नेलं होतं. डिजिटल वर्गाचा टीव्ही भिंतीवर तसाच होता.

इमामवाडा_ताई

खडू_फळा ताई, तुमच्या शाळेचा अंड्यांचा महिन्याचा हिशेब मला निरोपात कळवा. आमच्या भिशीतल्या बायका एका शाळेचं घेऊ शकतील. हे सरकारचंच काम आहे हे मान्य, पण ते परत सुरू होईपर्यंत पोरांनी का थांबावं?

मुक्कामी_गाडी

एसटीवाला आहे, कंडक्टर.

महिलांना अर्धं तिकीट १७ मार्च २०२३ पासून, पंचाहत्तरीच्या वरच्यांना फुकट ऑगस्ट २०२२ पासून. दोन्ही चांगल्या योजना. गाडी बायांनी भरून येते, माहेरी जाणं वाढलं, दवाखान्यात जाणं वाढलं. पण उरलेलं अर्धं तिकीट सरकारने महामंडळाला द्यायचं असतं. त्याला सवलतीची प्रतिपूर्ती म्हणतात. ती वेळेवर अन् पूर्ण आली नाही की खड्डा महामंडळाला पडतो. एप्रिल २०२५ मध्ये आमच्या हातात ५६ टक्के पगार पडला होता, ते तुम्ही बातमीत वाचलं असेल. त्या महिन्यात घरभाडं कसं दिलं ते आमच्या घरच्यांना ठाऊक. त्याच्या आधी २५ जानेवारीला १४.९५ टक्के भाडेवाढ झाली होती, म्हणजे प्रवाशालाही भुर्दंड बसलाच होता.

आता सेवेवर काय झालं. गाड्या जुन्या, वर्कशॉपला सुटे भाग वेळेवर नाहीत, ब्रेकडाउन जास्त. डेपो मॅनेजर पहिली फेरी कोणती कापतो? मुक्कामी गाडी. संध्याकाळी गावात जाऊन तिथेच थांबणारी आणि पहाटे निघणारी. तिचं उत्पन्न कमी असतं. पण त्याच गाडीने दूधवाला येतो, सकाळच्या शाळेची पोरं येतात, मेडिकलच्या (नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) ओपीडीचा पेशंट येतो. कुही-मांढळ पट्ट्यात अशी गाडी बंद झाली तेव्हा गावातली म्हातारी माणसं थांब्यावर आम्हालाच विचारायची, "बापू, का बंद केली रे?"

तर्री_कमी

गणेशपेठ स्टँडवर गाडीची वाट पाहत हा धागा वाचून राह्यलो, अन् बाजूच्या काकू विचारत आहेत की एवढं काय वाचता. आता त्याही वाचून राह्यल्या. त्यांचं म्हणणं आहे की धाग्यातल्या सगळ्यांनी एका रविवारी तर्रीपोह्यावर भेटावं, बिल कोषागारात लावायचं नाही, जागच्या जागी चुकतं करायचं.

शक्ती_नऊ

ताजबाग भागातून लिहितो. आईच्या आजारपणात एका मोठ्या सरकारी दवाखान्यात राहणं झालं. डॉक्टर मनापासून करत होते, निवासी पोरं रात्ररात्र उभी होती. पण रोज राउंड झाला की हातात चिठ्ठी. "हे इंजेक्शन बाहेरून आणा." कधी ग्लोव्हज, कधी कॅथेटर, एकदा तर कापूस. समोरच्या औषधाच्या दुकानांत रात्री दोनला पण रांग.

मला एक समजत नाही. ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यात सगळं मोफत झालं म्हणून जाहीर केलं होतं ना?

वॉर्ड_नं_२३

शक्ती_नऊ, मी परिचारिका आहे. आईंची तब्येत आता बरी असेल अशी आशा.

ते मोफत उपचार सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत आहेत. म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा, जिल्हा रुग्णालय, आपल्याकडचं डागा. मेडिकल आणि मेयो ही कॉलेजची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात, तिथे केसपेपर आणि तपासण्यांचं शुल्क वेगळं चालतं. जनआरोग्य योजनेत बसणारा आजार असेल तर ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण त्याची मंजुरी येईपर्यंत मधल्या दिवसांचं काय, हा प्रश्न नातेवाईक मला विचारतात आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

औषधांचं असं आहे. मोठी खरेदी राज्य पातळीवर होते. आधी हाफकिन या सरकारी संस्थेमार्फत व्हायची, २०२३ पासून त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण आहे. पुरवठादाराचे पैसे थकले की तो पुढची खेप पाठवत नाही, म्हणजे गिट्टी_मुरूम भाऊंनी सांगितलं तीच गोष्ट. मग स्थानिक खरेदीवर भागवायचं, तिचाही निधी मार्चच्या आधी आटतो. आणि इथे फक्त नागपूरचे रुग्ण येत नाहीत. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया तर आलेच, शिवाय छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, छत्तीसगड, तेलंगण. औषधांची मागणी खाटांच्या हिशेबाने मंजूर होते आणि आमच्याकडे रुग्ण जमिनीवर गादी टाकून असतात.

नांदेडला २०२३ मध्ये २४ तासांत २४ मृत्यू झाले तेव्हा सगळ्यांना धक्का बसला. आम्हाला दुःख झालं, धक्का नाही बसला. एका पाळीत एवढ्या रुग्णांमागे एवढ्याच सिस्टर, हे गणित आम्ही रोज करतो. रिक्त पद म्हणजे पगाराची बचत असं वरून दिसत असेल. वॉर्डात त्याचा अर्थ एवढाच की सलाईन संपल्यावर ती बदलायला कोणी येत नाही आणि नातेवाईक स्वतः नळी बंद करायला शिकतो.

जांब_रोड

विदर्भाचा विषय निघणारच होता, मी काढतो. वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, अजून पुनरुज्जीवन नाही. घटनेच्या कलम ३७१(२) मध्ये त्याची सोय आहे. मंडळ होतं तेव्हा निधीवाटपात राज्यपालांचे निर्देश असायचे, कोणाचा किती अनुशेष हे दरवर्षी मांडलं जायचं. विदर्भाला न्याय्य वाटा कबूल करणाऱ्या १९५३ च्या नागपूर कराराची आठवण फक्त त्याच्या तारखेला, २८ सप्टेंबरला निघते.

नवी_शुक्रवारी

विषयांतर होतंय.

जांब_रोड

होत नाही. कपात सगळीकडे झाली तरी तिचा मार सारखा नसतो. पुण्यात सरकारी दवाखाना कमी पडला तर ट्रस्टचे दहा आहेत. गडचिरोलीतल्या भामरागडच्या माणसाला नागपूर हाच दवाखाना. कुठे किती कापलं हे मोजणारं मंडळच नसेल, तर काकांनी सांगितलेलं वितरण कोण तपासणार?

नवी_शुक्रवारी

हे पटलं.

मात्र मूळ लेखाशी माझा मतभेद आहे. राज्याचं कर्ज सकल उत्पन्नाच्या १९ टक्क्यांच्या आसपास आहे, बऱ्याच राज्यांपेक्षा कमी. जीएसटी आल्यापासून राज्याला स्वतः दर ठरवता येतील असे मोठे कर म्हणजे मुद्रांक शुल्क, दारू, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, वाहन कर, असे थोडेच उरले. तूट एका मर्यादेत ठेवायचा कायदा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अतिवृष्टीसाठी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर करावं लागलं, ते नको होतं असं कोण म्हणेल? अर्थमंत्री कोणीही असो, कुठेतरी हात आखडावाच लागणार.

धंतोलीकर

हात आखडू नका असं मी म्हणत नाही. कुठे आखडला ते सभागृहात सांगा. आकडे ठेवा, आमदारांना मत देऊ द्या. ५० कोटींचं अंडं बंद करायचा निर्णय अर्थसंकल्पावरच्या चर्चेतून आला असता, तर निदान कोणीतरी उठून विरोध केला असता.

फेलोशिप_प्रलंबित

सभागृहात सांगण्यावरून. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकासचे ३३५.७० कोटी लाडक्या बहिणीकडे वळवले. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाटांनी स्वतः जाहीर नाराजी व्यक्त केली. खात्याचा मंत्रीच हतबल असेल तर मी संशोधक विद्यार्थी कोणाकडे जाऊ? माझी अधिछात्रवृत्ती एका संस्थेकडे अडकली आहे. फील्डवर्कसाठी मेळघाटात जायचं होतं, ते पुढे ढकललं. गाईडना सांगायला लाज वाटते.

इमामवाडा ताईंशी मी सहमत आहे, राग बायांवर नाही. माझ्या आईलाही ते दीड हजार मिळतात. पण एका मागासवर्गीय घरातल्या मुलाच्या शिष्यवृत्तीतून त्याच घरातल्या आईला पैसे द्यायचे, तर घरात नवीन काय आलं?

संत्राबर्फी

इथवर वाचून एक विचारतो. आपल्या जिल्ह्यात तरतूद किती आणि वितरण किती, हे माझ्यासारख्या किराणा दुकानदाराला कळू शकतं का?

कोषागार_निवृत्त

कळू शकतं. बीम्सच्या संकेतस्थळावर विभागवार तरतूद, वितरण आणि खर्च पाहता येतो. जिल्ह्यातल्या एका शाळेपर्यंत किंवा एका दवाखान्यापर्यंत जायचं तर माहिती अधिकार. अर्जाला १० रुपये, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, म्हणून नेमकं विचारा. "औषधांचा तुटवडा का?" असं विचाराल तर गोल उत्तर येईल. विचारायचं असं: अमुक लेखाशीर्षाखाली (त्या खर्चाच्या खात्याखाली) २०२४-२५ ची मूळ तरतूद, पुरवणी तरतूद, महिनावार प्राप्त निधी, झालेला खर्च, समर्पित रक्कम आणि ३१ मार्चला प्रलंबित देयकांची यादी. जनमाहिती अधिकाऱ्याला ३० दिवस, नाही दिली तर प्रथम अपील. जिल्हा वार्षिक योजनेचं हेच जिल्हा नियोजन समितीकडे विचारता येतं.

समर्पित रक्कम विसरू नका. निधी २८ मार्चला येतो, खर्च करायला वेळ नसतो, मग तो परत जातो आणि पुढच्या वर्षी म्हणतात, "तुम्हाला दिलेला खर्च होत नाही." सगळ्यात मोठा अन्याय तिथे होतो.

गिट्टी_मुरूम

काका, रस्ते-इमारतीचं लेखाशीर्ष मी काढून देतो. जुन्या कार्यारंभ आदेशावर छापलेलं असते. फक्त अर्ज माझ्या नावानं नको.

धंतोलीकर

अर्ज माझ्या नावाने जातील, त्याची काळजी नको. तीन करू: पोषण आहार, औषध खरेदी, शाळा-पीएचसी दुरुस्ती. वॉर्ड_नं_२३ आणि खडू_फळा, नोकरीमुळे तुमची नावं कुठेही येणार नाहीत, प्रश्न बरोबर बसलेत का एवढंच मसुद्यात पाहून द्या.

खडू_फळा

पाहते. पोषण आहारात इंधन-भाजीपाल्याचा निधी आणि स्वयंपाकी ताईंचं मानधन वेगळं विचारा. मानधन महिनोन् महिने थांबतं आणि ती बाई तरीही रोज येऊन चूल पेटवते.

मुक्कामी_गाडी

चौथा अर्ज सवलतीच्या प्रतिपूर्तीचा टाका. किती मागितली, किती आली, कोणत्या तारखेला. अन् जिल्ह्यातल्या बंद झालेल्या मुक्कामी फेऱ्यांची यादी डेपोवार मागा. उमरेड अन् रामटेकची मी तोंडपाठ सांगू शकतो, सावनेर-काटोलकडचं कोणाला माहीत असेल तर इथेच लिहा.

गिट्टी_मुरूम

काटोलच्या तीन मले माहीत आहेत. संध्याकाळी लिहितो.